तिघांची सहल

आप्पा, तुमचा जावई तुम्ही पाहिला नाहीत, नातवंडं तर नाहीच नाही, त्यामुळे कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. मी कॉलेजात होते तेव्हा तुम्ही गेलात. आता माझी मुलगी दहावीत जाईल आणि मुलगा सहावीत. हे लिहितेय ते दवाखान्याच्या बाकावर बसून. आत ह्यांचं डायलिसिस चालू आहे. नवऱ्याला नावानं न बोलवता ‘हे’ म्हणायची सवय मला तुमच्याच घरात लागली, आई तुम्हाला तसंच म्हणायची. ह्यांच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीनदा यावं लागतं, चार-चार तास यंत्राला जोडून ठेवतात आणि रक्त धुऊन परत अंगात सोडतात. सातपूरच्या कंपनीतली ह्यांची नोकरी त्यातच गेली. मी एका पतसंस्थेत कारकून आहे, मॅनेजर माणूस बरा आहे, म्हणून मंगळवार-गुरुवारी अर्ध्या दिवसानं सुटते. बाकावर बसणाऱ्या बायकांची आता चांगली ओळख झालीय. कुणी मेथी निवडते, कुणी पोथी वाचते, कुणी नुसतीच भिंतीकडे बघते. मी आज लिहायला घेतलं तर शेजारची म्हणाली, अर्ज लिहिताय का कुणाला? मी हो म्हणाले.

सहलीचं खूळ मुलीनं काढलं. दहावीचं वर्ष म्हणजे आमच्याकडे सुतकच असतं. टीव्ही बंद, लग्नकार्य बंद, पाहुणासुद्धा फोन करून विचारून येतो. तर त्याआधी या मे महिन्यात एकदा तरी कुठं जाऊ या, असं ती म्हणाली. तिचं काही चूक नव्हतं. ह्यांचं दुखणं सुरू झाल्यापासून आमची सुट्टी म्हणजे सिन्नरला मामाकडे दोन दिवस, आणि तिथंही सगळं लक्ष घरच्या फोनकडे. वर्गातल्या पोरी मनाली नि केरळच्या गप्पा मारतात आणि ही ऐकत बसते. धाकटा म्हणाला, मी समुद्र पाहिलाय, गंगापूर धरण. त्यावर आम्ही पोट धरून हसलो. आमच्या घरात असं हसणं बऱ्याच दिवसांनी झालं होतं, आणि त्या भरातच हे म्हणाले की या वर्षी समुद्राला जायचं, चौघांनी, गाडीनं.

गाडी आहे आमच्याकडे, आप्पा. ह्यांची तब्येत चांगली होती तेव्हा जुनी घेतली होती. एसीतून गार हवा सोडून बाकी सगळं येतं, पण इंजिन चांगलं आहे. हे चालवायचे, मग ह्यांच्या डाव्या हातावर डायलिसिससाठी शीर जोडायचं ऑपरेशन झालं, त्या हातावर जोर द्यायचा नाही म्हटल्यावर मी शिकले. शिकले म्हणजे काय, जेलरोडवरच्या रिक्षावाल्यांच्या शिव्या खात खात तयार झाले. नाशिकहून सगळ्यात जवळचा समुद्र डहाणू-बोर्डीचा. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा आणि डहाणू. त्या रस्त्यानं हायवेचा टोल वाचतो आणि झाडंही लागतात. तिथं चिकूच्या वाडीत राहणाऱ्या एका बाईंकडे खोली मिळाली, दोन पलंग आणि वर एक गादी, जेवण त्यांच्याच घरचं. शनिवारचं डायलिसिस झालं की पुढचं मंगळवारी. म्हणजे रविवारी सकाळी लवकर निघायचं आणि सोमवारी दिवेलागणीला घरी. कागदावर सगळं छान बसत होतं. पण डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, तोच मधला मोठा खंड सगळ्यात धोक्याचा, जपून जा.

धोका पाण्याचा. ह्यांना लघवी होतच नाही, त्यामुळे प्यालेला प्रत्येक घोट अंगातच राहतो, पायावर सूज येते, जास्त झालं की छातीत चढतो नि श्वास लागतो. दिवसाला एक छोटी बाटली, त्यातच चहा, औषधं, सगळं. मे महिन्यात, बिनएसीच्या गाडीत, एका बाटलीवर माणूस घाट उतरणार. शहाळं तर विषासारखंच, त्यातलं काहीतरी ह्यांच्या हृदयाला चालत नाही. म्हणजे समुद्राला जायचं आणि समुद्राकाठी जे प्यायचं तेच ह्यांना बंद. तरी मी हटले नाही. घाट उन्हाच्या आत उतरायचे, ह्यांच्यासाठी थर्मासमध्ये बर्फाचे खडे न्यायचे, चघळायला. भाज्या उकडून पाणी फेकून केलेला ह्यांचा डबा वेगळा, आमच्यासाठी दशम्या नि शेंगदाण्याची चटणी. पुरुषानं सहल आखली की आधी हॉटेल शोधतो, बाई आधी संडास शोधते. कुठल्या पंपावरचा बरा आहे हे मी त्या बाजूला बदली होऊन गेलेल्या एका शिक्षिकेला फोन करून विचारून घेतलं. मुलगी आता मोठी झालीय, तिला आडोसा चालत नाही. पोरांचं पुढच्या सीटवरून भांडण झालं, जाताना कोण पुढं नि येताना कोण, आणि पुढची सीट पप्पांची आहे हे मी सांगितल्यावर दोघंही एकदम गप्प बसली. तेव्हा मला ते विशेष वाटलं नाही.

ही सगळी आखणी करताना तुम्ही सारखे आठवत होतात, आणि तुम्ही आठवलात की मला अजून राग येतो, हेही सांगून टाकते. तुम्ही एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनात, कंट्रोल रूमला. उन्हाळ्यात विजेची मागणी वाढायची म्हणून आमच्या प्रत्येक मे महिन्यात तुमची रजा नामंजूर. एका वर्षी मात्र कॉलनीतल्या चार घरांनी मिळून जीप ठरवली, हीच बोर्डी, हाच समुद्र. तुम्ही महिनाभर आधीपासून स्टेशनातली राख नेणाऱ्या ट्रकवाल्यांना चहा पाजून रस्ता विचारत होतात. कुठल्या वळणावर इंजिन तापतं, कुठल्या हापशीचं पाणी गोड, जव्हारच्या पुढं भाकरी कुठं मिळते. जेवताना तुम्ही आम्हाला तो रस्ता असा सांगायचात की मला वाटायचं, तुम्ही जाऊनच आलाय. ट्रकच्या टायरची एक जुनी ट्यूब पंक्चर काढून आणली होतीत, आम्हाला पाण्यात तरंगायला. विहारातली सतरंजी मागून आणून जीपच्या मागच्या भागात अंथरली होतीत.

तुमची आदल्या दिवशी रात्रपाळी होती आणि सकाळी तुम्ही परस्पर गेटवरून जीपमध्ये बसायचं ठरलं होतं. जीप गेटवर उभी आहे. माझ्या मांडीवर ती ट्यूब आहे, तिचा रबराचा वास येतोय. तुमच्या जागी बसणारा माणूस आला नाही. गावाला लग्नाला गेला होता, त्याची एसटी चुकली. तुमचा नियम घरातल्या भांड्यांनासुद्धा पाठ होता. “बदली मानूस समोर येऊन बसत नाय तवर खुर्ची सोडायची नाय. आपन उठलो आन काय झालं, तर आख्ख्या जिल्ह्यात अंधार.” आई त्यावर म्हणायची, जिल्ह्याचं बघा तुम्ही, घरातलं मी बघते. त्या दिवशी तुमच्या शिफ्टमधले एक काका सायकलवर निरोप घेऊन आले की त्यांनी सांगितलंय, जा तुम्ही, थांबू नका. बाकीची तिन्ही घरं आईच्या तोंडाकडे बघत होती. ऊन वर यायला लागलं होतं. आई ड्रायव्हरला म्हणाली, चला. ती बोर्डीपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि समुद्रात पाय बुडवायलाही उतरली नाही. सुरूच्या झाडाखाली डबे राखत बसली.

परत आल्यावर तुम्ही खाटेवर बसून मला जवळ बोलावलंत नि विचारलंत, “पानी कितपत आत गेलतं गं, ओहोटीला?” मी म्हणाले, जाऊन बघा. आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला. ते मी आजही मागं घेत नाही, आप्पा. तुमची त्या दिवशी सगळ्या कॉलनीत वाहवा झाली, साहेबांनी पाठ थोपटली. मागं राहणाऱ्याला मोठेपणा मिळतो, आणि जे पुढं जातात त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. पुन्हा कधी जीप ठरली नाही, आणि तुम्ही समुद्र न बघताच गेलात. म्हणून मी या वेळी पक्कं ठरवलं होतं की माझ्या घरात गेले तर चौघं जातील, नाहीतर कुणीच नाही.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. एवढा लांबचा पल्ला ह्यांना झेपतो का ते आधी बघू, म्हणून एका रविवारी आम्ही इगतपुरीला जाऊन यायचं ठरवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. इगतपुरी म्हणजे पावसाळ्यात स्वर्ग, मे महिन्यात तिथली खाचरं भेगाळलेली असतात आणि धरणाचं पाणी तळाशी गेलेलं असतं. तरी मजा आली. हे पुढं बसले, मानेवर ओला नॅपकिन टाकून, आणि थर्मासमधला खडा तोंडात धरून जुन्या कंपनीतल्या गमती सांगत होते. मागं पोरं गात होती. धरणाच्या काठावर झाडाखाली आम्ही डबे खाल्ले. मी आरशातून मुलांपेक्षा ह्यांच्याकडेच जास्त बघत होते, पायाला सूज आहे का, दम लागतोय का. ह्यांना काही झालं नाही. परतीला घोटीच्या अलीकडे मुलगी म्हणाली, मम्मी, हा बघ कसा करतोय.

मुलगा पांढराफटक पडला होता. गाडी बाजूला घेतली तर उतरता उतरता तो गुडघ्यावर बसला आणि ओकला, ओकायलाही काही नव्हतं. हातपाय थंड, ओठ वाळून त्यांची सालं निघालेली. घोटीत एका डॉक्टरांचा दवाखाना उघडा मिळाला. त्यांनी त्याला झोपवलं, सलाईन लावलं आणि मला विचारलं की हा शेवटचं पाणी कधी प्याला. मी म्हणाले, पीत असेल की, गाडीत बाटल्या भरून ठेवल्यात. डॉक्टर म्हणाले, बघून या. मी गाडीत जाऊन बघितलं. मागच्या सीटवरच्या दोन्ही बाटल्या जशा भरल्या होत्या तशाच भरलेल्या. मला आधी मुलीचाच राग आला, मोठी आहेस, एवढंही लक्ष नाही का तुझं, असं मी तिला सगळ्यांदेखत बोलले. ती रडली नाही. खाली बघत म्हणाली, “आम्ही पप्पांसमोर पाणी पीत नाही, मम्मी. कधीच नाही पीत.”

मग एकेक कळत गेलं. घरी दोघंही पाणी प्यायची ती स्वयंपाकघरात जाऊन, दार लोटून. ग्लास धुऊन पालथा घालून यायची. आईस्क्रीम शाळेच्या गेटवर खायची, घरी आणायची नाहीत. हे बाहेरच्या खोलीत झोपलेले असले की फ्रिजचं दार हळू उघडायची, बाटलीचा आवाज येऊ नये म्हणून. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. थोरलीनं आपल्या मनानं सुरू केलं आणि धाकट्यानं तिचं बघून. ती सकाळी घरातून निघताना पिऊन आली होती आणि तिला ते पुरलं, तो पोरगा खेळण्याच्या नादात तसाच निघाला होता. दिवसभर बापाच्या पाठीमागं बसून, मांडीशी भरलेली बाटली ठेवून, तो गात होता. मी वर्षानुवर्षं ह्यांचं पाणी मोजतेय आणि माझ्या पोटचं पोर माझ्या गाडीत तहानेनं कोसळलं. हे सगळं मुलगी सांगत होती तेव्हा हे दवाखान्याच्या दारातच उभे होते. मला वाटलं होतं ते गाडीत बसलेत.

घरी आलो. जेवणं झाली, आणि ह्यांनी मुलाला समोर बसवून तांब्या-भांडं मागवलं. पी म्हणाले. तो माझ्याकडे बघायला लागला. ह्यांनी पुन्हा सांगितलं, पी, मला बघायचंय. त्यानं प्यायलं, घोटाघोटाला बापाकडे बघत, औषध घ्यावं तसं. निम्म्यात भांडं ठेवलं आणि म्हणाला, पुरे. हे उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला त्या दिवशी वाटलं की आजाराचं घर असतं म्हणतात ते हे, माणूस एक आजारी असतो आणि बाकीचे सगळे हळूहळू त्याच्यासारखे जगायला लागतात.

मंगळवारी याच बाकावर, आत बोलावण्याची वाट बघत असताना, हे म्हणाले की तुम्ही तिघं जा, मी येत नाही. मी ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते. तुमच्यावरचा इतक्या वर्षांचा राग मी ह्यांच्यावर काढला. मी म्हणाले, मागं राहून मोठं व्हायची हौस आमच्या घराण्यालाच आहे, माहेर झालं, आता सासरही. मला तुमचा त्याग नको. पोरांच्या घशाखाली घास उतरणार नाही, मी बघितलंय ते, लहानपणी भोगलंय. मुलांना समजावून सांगू, बाटल्या पुढं घेऊ, अर्ध्या अर्ध्या तासानं मी स्वतः पाजीन. हे शांतपणे ऐकत होते. समोरची बाई मेथी निवडायची थांबली होती.

“त्याग कसला,” हे म्हणाले. “माझ्याशिवाय तुम्हाला जावं तर लागणारच आहे कधीतरी. मग मी असताना एकदा जाऊन या. नंतर पहिल्यांदा जायचं म्हणजे जड जाईल पोरांना.”

मी डबा धुवायच्या निमित्तानं उठून नळाकडे गेले आणि नळ सोडून नुसती उभी राहिले. मला वाटलं होतं की आम्ही सहल आखतोय. ह्यांनी त्यातून आमची सवय आखायला घेतली होती. आणि आप्पा, खरं सांगायचं तर मला ते वाक्य ऐकून रडू आलं नाही, चीडच आली, कारण ते बरोबर होतं. बरोबर बोलणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही.

मोठ्या नणंदबाई निफाडहून ह्यांच्या सोबतीला राहायला आल्या, द्राक्षांची कामं उरकून त्या मोकळ्याच होत्या. शनिवारचं डायलिसिस झालं, आणि रविवारी आम्ही तिघं निघालो. हे खाली सोडायला आले, टायरची हवा बघितली, काच पुसली, मुलाला म्हणाले, आता पुढची सीट तुझी, मम्मीला झोप लागू द्यायची नाही. मुलगी मागं बसून फोनवर बघून रस्ता सांगत होती. त्र्यंबक गेलं, तिथलाच आंबोलीचा घाट उतरलो, मोखाडा गेलं, गाडीत कुणी गायलं नाही.  मला सारखी आईची ती पाठ दिसत होती, जीपमध्ये पुढं बसलेली. जव्हारच्या पुढं एका उतारावर मुलानं बाटली उघडली, तोंडाला लावली आणि घटाघटा पाणी प्यायलं, शर्टवर सांडेपर्यंत. मग थांबून त्यानं माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडेच बघत राहिले. मुलगी मागून म्हणाली, मला ठेव की, सगळं तूच संपवणार का? आणि दोघं भांडायला लागली. ते पाण्यावरचं भांडण मी घाट संपेपर्यंत ऐकलं, मधे पडले नाही.

बोर्डीला पोचलो तेव्हा ओहोटी होती. पाणी किती आत जातं म्हणून विचारलं होतंत ना? फार आत जातं. नुसता ओला काळपट किनारा पसरलेला असतो आणि चालत चालत गेलं तरी समुद्र येतच नाही. मुलं पळत सुटली. किनाऱ्यावर शहाळीवाला होता. मुलानं विचारलं, घेऊ का? मी म्हणाले, घे. त्यानं एक प्यायलं आणि दुसरं मागितलं. मुलीनं घेतलं. शहाळीवाल्यानं माझ्यासमोर तिसरं सोलून धरलं, ताई घ्या, मलाईवालं आहे. मी कितीतरी वर्षं शहाळं प्याले नव्हते, ह्यांना चालत नाही म्हणून घरात येतच नाही. मी घेतलं. गोड होतं, आप्पा. मी ते सगळं प्याले आणि आतली मलई खरवडून खाल्ली.

संध्याकाळी भरतीचं पाणी आलं आणि मी साडीसकट कमरेपर्यंत आत गेले. मुलगी माझ्याकडे बघतच राहिली, तिनं मला असं कधी पाहिलं नव्हतं. घरी फोन लावला तर ह्यांनी मुलाला एकच विचारलं, पाणी प्यालास का? तो म्हणाला, भरपूर, आणि दोन शहाळी. मग जीभ चावून माझ्याकडे बघायला लागला. पलीकडून ह्यांचं हसणं ऐकू आलं. वाडीतल्या बाईंनी जेवायला वाढताना विचारलं, मिस्टर नाही आले? मी काही बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, नाही, आम्ही तिघंच असतो. तिनं ते अगदी सहज म्हटलं, मीठ वाढा म्हणावं तसं, आणि भाताचा घास घेतला. माझ्याही घशाखाली घास उतरला. मी पोटभर जेवले आणि पडल्या पडल्या झोपले. ह्यांच्या श्वासाकडे कान न ठेवता मी केव्हा झोपले होते ते मला आठवत नाही. सकाळी मुलांनी हलवून उठवलं.

परतीच्या वाटेवर मुलं दमून झोपली. त्र्यंबक सोडल्यावर ओळखीचा रस्ता लागला, आणि मी गाडी हळू केली. मुलगी जागी होऊन म्हणाली, ट्रॅफिक आहे का? मी हो म्हणाले. रस्ता मोकळा होता.

घरी आलो तेव्हा हे दारातच खुर्ची टाकून बसले होते. पाय सुजलेले, पण चेहरा असा उत्सुक की मला तिकडे बघवेना. मुलं आंघोळीला गेल्यावर ह्यांनी विचारलं, कसं झालं? मी पिशव्या उतरवत म्हणाले, तुमच्याशिवाय काही मजा नाही आली, पोरांचंही लक्ष लागत नव्हतं, पुन्हा नाही जाणार असं. मला वाटलं, माणसाला यापेक्षा गोड काय ऐकवायचं. ह्यांचा चेहरा एकदम उतरला. बरं, म्हणाले, आणि आत जाऊन पडले. मग माझ्या लक्षात आलं की हे त्यासाठी मागं राहिले नव्हते. ह्यांना फक्त एवढं ऐकायचं होतं की जमलं, बरं गेलं, आता काळजी नाही.

आत यंत्र बंद झाल्याचा आवाज आला, आता मला बोलावतील. हा कागद मी इथंच फाडून टाकणार आहे, घरी नेऊन चालणार नाही. आज येताना गाडीत दोनदा तोंड उघडलं होतं ह्यांना सांगायला, आणि दोन्ही वेळा सिग्नलचं काहीतरी बोलले. छान झाली आमची सहल, आप्पा. तिघांचीच होती तरी फार छान झाली. ह्यांना ते अजून सांगितलेलं नाही.